व्हायोलिन बनवणाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी व्हायोलिन बनवत नाही, दुरुस्त करतो. तारांखालची घोडी बसवणं, अडकणाऱ्या खुंट्या घासून सरळ करणं, सुटलेले सांधे पुन्हा चिकटवणं, असली कामं. काम होईपर्यंत लोक समोरच्या स्टुलावर बसतात आणि विचारत राहतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रमही ते विचारतात तोच ठेवलाय, म्हणजे सुरुवात पैशापासून.

आजोबांच्या व्हायोलिनच्या आत 'स्ट्रॅडिव्हेरियस' अशी चिठ्ठी आहे. किती मिळतील?

स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे इटलीतला सर्वांत नावाजलेला जुना व्हायोलिनमेकर, स्ट्रॅडिव्हेरी. पण चिठ्ठीचे काहीच मिळणार नाहीत. व्हायोलिनचे मिळतील, ते त्याच्या तब्येतीवर.

डावीकडच्या एफ आकाराच्या फटीतून टॉर्च मारला की मागच्या फळीवर पिवळट कागद दिसतो: 'अंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस फाचिएबात आन्नो', पुढे सतराशे-काहीतरी. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'क्रेमोनाचा अंतोनियो स्ट्रॅडिव्हेरी हे करत होता, सन अमुक'. 'केलं' नव्हे, 'करत होता'. त्या क्रियापदावर माझा फार जीव आहे, पण तुमच्या आजोबांच्या वाद्याशी त्याचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन आणि आसपासच्या गावांतून, तसंच सीमेपलीकडच्या बोहेमियातून व्हायोलिनं गाडाभर बाहेर पडत होती. एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्या घरात पोटाच्या म्हणजे पुढच्या फळ्या, तिसऱ्यात पॉलिश. व्यापारी सगळं गोळा करून जोडून घ्यायचा आणि जगभर पाठवायचा. अमेरिकेला इतका माल जायचा की त्या छोट्या गावात अमेरिकेचा वाणिज्यदूत नेमलेला होता. आत चिठ्ठी लावायची ती 'या घाटाची नक्कल' एवढंच सांगायला. ज्या जुन्या कारागिराचा घाट हवा त्याच्या नावाची चिठ्ठी: स्ट्रॅडिव्हेरी, आमाटी, ग्वार्नेरी, श्टायनर. त्या काळच्या गिऱ्हाइकाला ते कळत होतं. फसतो तो नातू.

चिठ्ठीखाली बारीक अक्षरात 'मेड इन जर्मनी' किंवा 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर प्रश्नच मिटला. स्ट्रॅडिव्हेरी वारला १७३७ साली, चेकोस्लोव्हाकिया जन्मला १९१८ साली.

मग ते टाकून द्यायचं?

मुळीच नाही. त्यातली कित्येक छान वाजतात. नातीला शिकायला द्या.

हे क्रेमोना आहे कुठे आणि सगळं तिथेच का घडलं?

उत्तर इटलीत, मिलानच्या आग्नेयेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर, पो नदीकाठी. शेतीचा सुपीक मुलूख. आल्प्समधलं लाकूड आणि व्हेनिसच्या बंदरातला माल नदीमार्गे दारात येणार. पण अशी गावं तिथे बरीच आहेत. फरक पडला तो एका घरामुळे.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर अंद्रेआ आमाटी नावाच्या कारागिराने व्हायोलिनला जो घाट दिला तो आजही जवळपास तसाच आहे. व्हायोलिन त्याने एकट्याने शोधलं असं नाही, पण प्रमाण त्याने बांधलं. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाच्या दरबारासाठी त्याने केलेल्या वाद्यांपैकी काही अजून शिल्लक आहेत. विद्या घरातच राहिली: त्याचे मुलगे अंतोनियो आणि जिरोलामो, मग जिरोलामोचा मुलगा निकोलो.

आणि १६३० साली प्लेग आला. जिरोलामो गेला, घरातले आणखीही गेले. निकोलो उरला. व्हायोलिन बनवणं जाणणारा क्रेमोनात जवळजवळ तो एकटाच. तो अंथरुणाला खिळला असता तर हे पान लिहायची वेळ आली नसती. पुढच्या दशकात त्याने अशी गोष्ट केली जी त्याच्या बापाने किंवा आजोबाने केली नव्हती: घराबाहेरची पोरं शिकायला घेतली. अंद्रेआ ग्वार्नेरी हा त्यांतला पहिल्यांपैकी. १६४१च्या चर्चच्या नोंदीत तो आमाटीच्या घरात राहत असल्याचं दिसतं. घराण्याची विद्या गावाची झाली ती इथून. आपल्याकडे गवय्यांच्या घराण्यांत 'बाहेरच्याला तालीम द्यायची का' यावर किती रुसवेफुगवे झाले ते आठवा, म्हणजे निकोलोने काय केलं हे लक्षात येईल.

मला कुणी क्रेमोनाचं गुपित विचारलं तर मी हे सांगतो. लोकांना आवडत नाही, त्यांना वार्निश हवं असतं.

स्ट्रॅडिव्हेरी खरंच इतका मोठा होता, की नुसतं नाव झालं?

होता. जन्म १६४४च्या सुमाराचा. १६६६च्या एका चिठ्ठीत तो स्वतःला निकोलो आमाटीचा विद्यार्थी म्हणवतो. नव्वदी ओलांडली तरी हातात पटाशी होती. आयुष्यात त्याने हजारावर वाद्यं केली असं मानतात. सहाशेच्या वर आज शिल्लक आहेत. त्यात व्हायोलिनं सर्वांत जास्त, पण चेलो, व्हायोला, थोडी गिटारं, एखादं हार्पसुद्धा. साधारण १७०० ते १७२० हा त्याचा सोन्याचा काळ.

पण तो एकटा बसत नव्हता. फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो हे मुलगे त्याच कारखान्यात होते, आणि बाप इतका जगला की बिचाऱ्यांना स्वतःचं नाव लावायची संधी फारशी मिळालीच नाही. घर सान दोमेनिको चर्चसमोर. ग्वार्नेरी, बेर्गोन्झी ही कारागीर मंडळी हाकेच्या अंतरावर. आपल्या तांबट आळीत एकाच्या हातोडीचा ठोका चुकला तर शेजारच्याला ऐकू जातो, तसा प्रकार.

वादकांतला एक मोठा गट मात्र स्ट्रॅडिव्हेरीपेक्षा जुझेप्पे ग्वार्नेरीच्या बाजूचा आहे. हा त्या अंद्रेआचा नातू. चिठ्ठीवर येशूच्या नावाची अक्षरं आणि क्रूस छापायचा म्हणून त्याला 'देल जेझू' म्हणतात. १६९८ ते १७४४, म्हणजे पन्नाशीही गाठली नाही. शेवटच्या वर्षांतलं त्याचं काम बघाल तर एफच्या फटी वाकड्या, कड कुठे जाड कुठे बारीक, घाईत केल्यासारखं. आवाज मात्र छातीत घुसतो. प्रसिद्ध इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीचं लाडकं व्हायोलिन त्याचंच, १७४३चं. आवाज एवढा मोठा की नाव पडलं 'कान्नोने', तोफ. पागानिनीने ते जिनोआ शहराला देऊन टाकलं आणि ते आजही तिथेच आहे.

वार्निशचं गुपित सापडलं का?

२००९ साली फ्रान्समध्ये पाच स्ट्रॅडिव्हेरी वाद्यांच्या वार्निशची तपासणी प्रसिद्ध झाली. सापडलं काय, तर वाळणारं तेल आणि पाइनची राळ, थोडे रंगद्रव्य. त्या काळचे चित्रकार वापरत तेच. पुढे दुसऱ्या संशोधकांना लाकडात टाकणखार, तुरटी, तांबं, जस्त यांचे अंश मिळाले; कीड लागू नये म्हणून लाकडाला कसलं तरी पाणी दिलं जात असावं, असा त्यांचा तर्क. कुणी म्हणतं सतराव्या शतकातल्या कडक थंडीमुळे झाडं हळू वाढली, कडी दाट झाली, म्हणून आवाज. तीच थंडी बाकीच्या युरोपलाही वाजत होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

जुनं व्हायोलिन नव्यापेक्षा गोड वाजतंच ना?

२०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉटेलात ध्वनिशास्त्रज्ञ क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिनमेकर जोसेफ कर्टिन यांनी २१ वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन जुनी (दोन स्ट्रॅडिव्हेरी, एक देल जेझू), तीन नवी. जुन्या वाद्याचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या पट्टीखाली अत्तराचा थेंब. बहुतेकांनी नवंच निवडलं, आणि सर्वांत कमी पसंती मिळालेल्यांत एक स्ट्रॅडिव्हेरी होतं. मग 'हॉटेलची खोली म्हणजे काय मैफलीचा हॉल आहे का' अशी ओरड झाली. म्हणून पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांना घेऊन, हॉलमध्ये, बारा वाद्यांवर पुन्हा. दहांतल्या सहा जणांनी नवं उचललं.

यावरून स्ट्रॅडिव्हेरी भिकार ठरत नाही. आज जिवंत असलेले चांगले कारागीर त्याच्या पंक्तीला बसतात, एवढं ठरतं. जर्मन वादक क्रिस्टियान टेट्झलाफ कित्येक वर्षं श्टेफान-पेटर ग्राइनर या हयात कारागिराचं व्हायोलिन घेऊन जगभर वाजवतोय.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. स्ट्रॅडिव्हेरीच्या हातून निघालं तसं व्हायोलिन आज जवळपास उरलेलंच नाही. १८००च्या आगेमागे हॉल मोठे झाले, सूर चढा झाला, तेव्हा जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांच्या माना कापून लांब आणि तिरक्या बसवल्या गेल्या आणि पोटाच्या फळीला आतून चिकटवलेला आधाराचा दांडा जाड केला गेला. तुम्ही ऐकता ते स्ट्रॅडिव्हेरी अधिक दोनशे वर्षांचे अनामिक दुरुस्तीवाले. (हो, हे सांगताना मी जरा ताठ बसतो.)

लाकूड कुठलं? आपल्या सागवानाचं का नाही होत?

सागवान जड आणि तेलकट. पोटाच्या फळीला हलकं पण ताठ लाकूड लागतं, म्हणजे स्प्रूस. क्रेमोनाचे कारागीर ते आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्यातून आणि शेजारच्या पानेवेज्जोच्या जंगलातून आणतात. पाठ, बाजू आणि मान मेपलची. पाठीवर वाघाच्या पट्ट्यांसारख्या लाटा दिसतात त्या मेपलच्या, आणि चांगलं मेपल बाल्कनमधून, विशेषतः बोस्नियातून येतं. बोटांखालची काळी पट्टी आबनुसाची. खुंट्यांना मात्र आपली शिसवी चालते.

ऑक्टोबर २०१८मध्ये त्या फिएम्मे भागात प्रचंड वादळ झालं, लाखो झाडं आडवी झाली. वादळाचं नाव होतं 'वाया'. मराठी माणसाने ठेवलं नव्हतं. पडलेल्यातून वाद्याजोगं लाकूड वेचायला कारागीर धावले, पण ते कापून वर्षानुवर्षं वाळवावं लागतं.

एक व्हायोलिन करायला किती दिवस लागतात?

दिवसांत मोजू नका. क्रेमोनातला कारागीर वर्षाला तीन ते सहा वाद्यं करतो. सत्तरहून जास्त तुकडे असतात, आणि काम एका लाकडी साच्याभोवती चालतं. साचा वाद्याच्या आत राहतो आणि मग काढून घेतला जातो. मेपलच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडावर वाकवायच्या, त्या झाल्या बाजू. पोटाची फळी एकाच ओंडक्याच्या दोन पाचरी पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडलेली. बाहेरचा फुगवटा आधी गोल पटाशीने, मग बोटाएवढ्या रंध्यांनी. हे रंधे बघितले की लहान मुलांच्या भातुकलीतले वाटतात. मग आतून पोखरायचं, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडी राहीपर्यंत. मधेमधे फळी बोटांत धरून टिचकी मारायची आणि ऐकायचं.

कडेने काळी-पांढरी-काळी बारीक रेघ दिसते ती पुष्कळांना रंगवलेली वाटते. ती तीन पट्ट्या मिळून खोबणीत बसवलेली असते, आणि नुसती शोभेची नाही: कडेला टवका उडाला तर चीर तिथे थांबते. स्वस्त व्हायोलिनावर ती खरोखरच रंगवलेली असते. नखाने चाचपून बघा.

सगळ्यात शेवटी, बंद झालेल्या पेटीत एफच्या फटीतून एक काडी उभी करायची. बोटापेक्षा बारीक, सरस न लावता, पोट आणि पाठ यांच्यामध्ये नुसती अडकवलेली, घोडीच्या एका पायाच्या जरा मागे. ती अर्धा मिलिमीटर सरकली तर आवाज बदलतो. इटालियनमध्ये तिला 'आनिमा' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'आम'. दोन्हींचा अर्थ आत्मा. आपण तंबोऱ्याच्या तारेखालच्या दोऱ्याला 'जीवा' म्हणतो. दोघांची कधी भेट झाली नसताना दोघांनाही तोच शब्द सुचला.

सरसच कशाला? सुताराकडचा पांढरा डिंक चालणार नाही का?

नाही, नाही, नाही.

सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक, गरम पाण्यात पातळ करून लावायचा. त्याचा गुण हा की तो सुटतो. उन्हाळ्यात लाकूड आवळलं तर फळी तडकण्याआधी सरसाचा सांधा उघडतो. पातळ सुरी सरकवून कारागीर पेटी उघडू शकतो, आत दुरुस्ती करून पुन्हा बंद करू शकतो. तीनशे वर्षांची व्हायोलिनं आज वाजतात ती यामुळे. माझ्याकडे एकदा एक व्हायोलिन आलं, घरच्या सुताराने मोठ्या प्रेमाने पांढऱ्या डिंकाने पक्कं केलेलं. सांधा इतका पक्का की पुढच्या उन्हाळ्यात सांधा सोडून बाकी सगळं फुटलं.

तारा मांजराच्या आतड्याच्या असतात म्हणे?

मेंढीच्या असत. मांजर 'कॅटगट' या इंग्रजी शब्दात अडकलंय तेवढंच. आता बहुतेक तारा पोलादी किंवा कृत्रिम धाग्याच्या.

स्ट्रॅडिव्हेरीनंतर क्रेमोनाचं काय झालं?

विझलं. स्वस्त वाद्यांची मागणी वाढली, श्रीमंत आश्रयदाते कमी झाले, शिकलेले हात दुसऱ्या शहरांत गेले. १७७५च्या सुमारास स्ट्रॅडिव्हेरीचा धाकटा मुलगा पाओलो, धंद्याने कापडवाला, याने बापाची उरलेली वाद्यं आणि हत्यारं, साचे, कागद काउंट कोझियो दि सालाबुए या तरुण सरदाराला विकली.

पुढची हकिकत एखाद्या रहस्यकथेसारखी. लुइजी तारिजिओ नावाचा सुतारकाम करणारा माणूस इटलीतली खेडी, मठ पालथे घालून जुनी वाद्यं गोळा करायचा आणि पॅरिसला नेऊन विकायचा. १७१६च्या एका कोऱ्या करकरीत स्ट्रॅडिव्हेरीच्या गप्पा तो वर्षानुवर्षं मारत राहिला, आणला मात्र कधीच नाही. पॅरिसचा व्हायोलिनमेकर व्हियोमच्या जावयाने वैतागून म्हटलं, तुझं व्हायोलिन त्या मसीहासारखं आहे, सगळे वाट बघतात आणि येत कधी नाही. १८५४ साली तारिजिओ वारला. खबर लागताच व्हियोम इटलीला धावला आणि वारसांकडून सगळा साठा उचलला: दीडशेच्या आसपास वाद्यं. 'मसीहा' आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात काचेत आहे, आणि कुणी वाजवत नाही. मला ते बघून वाईट वाटतं, पण मी दुरुस्तीवाला, माझं पोट वाजणाऱ्या वाद्यांवर.

हत्यारं आणि साचे फिरत फिरत जुझेप्पे फिओरिनी या कारागिराकडे आले. त्याने ते १९३० साली क्रेमोनाला दान केले. १९३७ साली दोनशेव्या स्मृतिवर्षाचं प्रदर्शन भरलं आणि १९३८ साली शाळा निघाली. म्हणजे आजचं क्रेमोना हे अखंड परंपरेचं नाही. मधे दीडेकशे वर्षांची खिंड आहे, आणि ती भरली ती जुन्या साच्यांनी आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांनी.

आज तिथे कोण काम करतं?

दीडशेच्या आसपास कारखाने, आणि त्यात इटालियनांच्या जोडीला जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच, जर्मन. अनेक जण शिकायला आले आणि तिथेच राहिले. युनेस्कोने २०१२ साली क्रेमोनाच्या या कारागिरीला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. २०१३ साली व्हायोलिनचं मोठं संग्रहालय उघडलं. दर तीन वर्षांनी स्पर्धा भरते आणि सुवर्णपदकाचं वाद्य संग्रहालयात जातं.

गावाचा या वाद्यावर जीव किती, हे २०१९च्या जानेवारीत दिसलं. संग्रहालयातल्या जुन्या वाद्यांचे सूर कायमचे ध्वनिमुद्रित करायचे होते. पाच आठवडे आसपासचे रस्ते वाहनांना बंद, आणि महापौरांची लोकांना विनंती की आवाज करू नका. हॉलमधले बारीक गुणगुणणारे दिवेसुद्धा काढले होते. गणपतीत आपल्याकडे असं कुणी सुचवून बघावं.

क्रेमोना म्हणजे सगळं जग नव्हे. बव्हेरियातल्या मिटेनवाल्डमध्ये मातियास क्लोट्झपासून ही परंपरा आहे आणि शाळा १८५८ची. आणि तुम्ही मुलाला घेतलेलं पहिलं व्हायोलिन बहुतेक चीनमधलं असणार. च्यांगसू प्रांतातलं ह्वांगच्याओ हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. चिनी म्हणून नाक मुरडू नका. क्रेमोनात शिकून परतलेले हात तिथेही आहेत, आणि वरच्या दर्जाचं चिनी काम मी आनंदाने हातात घेतो.

आपल्याकडे कुणी व्हायोलिन का बनवत नाही?

बनवणारे आहेत, तुरळक. पण आळी झाली नाही. व्हायोलिन इथे आयतं आलं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरं सूर वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली, आणि त्यांच्यातले किती तरी पुढे मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदांत बसले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी ते एकोणिसाव्या शतकात कर्नाटक संगीतात आणलं. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्यावर ख्याल गायला. म्हणजे वाजवणारे घडले, मांडी घालून वाजवायची पद्धत घडली, सा-प-सा-प जुळवणं घडलं. वाद्य मात्र बाहेरून येत राहिलं.

आळी बघायची तर मिरजेला जा. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथे सतारमेकर झाले, दीडशेहून जास्त वर्षं झाली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारा तारेचा झंकार, काढणारा कान घरचा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चिठ्ठीचा प्रश्न मिरजेलाही आहे, बरं का. दुसरीकडे केलेला तंबोरा मिरजेचा म्हणून खपतो.

मुलीला हे शिकायचंय. कुठे पाठवू?

आधी सहा महिने चांगल्या सुताराकडे रंध्याला धार लावायला पाठवा. तरीही तोंड वळलं नाही तर क्रेमोनाची शाळा सरकारी आहे आणि परदेशी मुलांना घेते, पण इटालियन शिकावं लागेल. इंग्लंडमध्ये न्यूआर्कची शाळा आहे, १९७२पासूनची. अमेरिकेतही आहेत. मुलींना हे जमतं का, असंही मला विचारतात. कार्लीन हचिन्स ही अमेरिकन शिक्षिका चाळिशीच्या आसपास लाकूड तासायला लागली, शेकडो वाद्यं केली, आणि फळ्यांच्या कंपनांवरचं तिचं काम आज कारागीर अभ्यासतात.

माझं व्हायोलिन दुरुस्तीला आणायचंय. आधी काय करू?

सगळ्या तारा एकदम सोडू नका. घोडी पडेल, आणि दाब गेला की आतली काडीही पडेल. सगळीकडे सैलसर राहतील एवढ्याच सोडा. पावसाळ्यात खुंटी अडकली असेल तर पक्कड लावू नका, तशीच आणा. आणि पेटीत काहीतरी खुळखुळत असेल, तर ते हलवून बाहेर काढून कचऱ्यात टाकू नका. तीच ती आनिमा. सोबत घेऊन या.